बंदरावरचं सामान

चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली ‘वेधशाळा’ म्हणायची. मागून नव्हे, तोंडावर. त्यालाही ते मनातून आवडायचं, फक्त तो तसं दाखवत नसे. पाऊस पडेल का, हे मात्र त्याला कुणी विचारत नसे. त्याचा अंदाज वेगळ्याच हवेचा होता. तो शिंपल्याचा भाव सांगायचा.

हा शिंपला समुद्रकाठी सापडणारा नव्हे. मोबाईलमध्ये ‘सातबेट’ नावाचं एक जग होतं. तिथे आपला एक माणूस तयार करायचा, त्याला होडीनं एखाद्या बेटावर उतरवायचं, मग त्यानं घर बांधायचं, बाग लावायची, शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडण काढायचं. म्हणजे इथे करतो तेच, फक्त गुडघे न दुखता. तिथलं नाणं शिंपला. खरे पैसे मोजून शिंपले घेता येत आणि शिंपले विकून खरे पैसे हातात येत. घेणारे वाढले की भाव वर, विकणारे वाढले की खाली. गल्लीतली निम्मी माणसं सातबेटावर संसार थाटून होती. शेजारचा केस कापणारा, ज्याला स्वतःच्या दुकानातले केस झाडायचा जन्माचा कंटाळा, तो तिथे मेंढ्या पाळून रोज त्यांचा गोठा साफ करायचा. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची तिथे फुलबाग होती आणि फुलं घ्यायला आलेल्यांना त्या तिथेही उंचीप्रमाणे रांगेत उभं करायच्या. लोकर आणि फुलं विकून शिंपले साठत. ते कधी मोडायचे, हाच सगळ्यांचा घोर.

त्याचं उत्तर चष्म्यांच्या दुकानाच्या दारातल्या काळ्या पाटीवर असायचं. वर मालकाच्या अक्षरात ‘डोळे तपासणी मोफत’, आणि खाली खडूनं वेधशाळेचा अंदाज. ‘शिंपला उद्या चढेल, बहुधा.’ नाहीतर ‘उतरेल, बहुधा.’ कधी नुसतंच ‘आहे तिथेच, बहुधा.’ मालकाची काही हरकत नव्हती. भाव वाचायला आलेल्याला पाटीवरचं अंधुक दिसलं की तो आपसूक आत येऊन खुर्चीत बसायचा.

त्या ‘बहुधा’ची गल्लीभर टिंगल चालायची.

“अहो वेधशाळा,” केस कापणारा रिकामी कात्री वाजवत दारात यायचा, “तुमचं लग्नसुद्धा बहुधाच ठरलं होतं ना? म्हणून राहिलं.”

“राहिलं ते बरं झालं, बहुधा,” वेधशाळा म्हणायचा आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढचं भिंग बदलायचा. “हे बरं, की हे?”

टिंगल करणारेच संध्याकाळी पाटी वाचून शिंपले विकायचे किंवा धरून ठेवायचे, कारण अंदाज बहुतेक वेळा खरा ठरायचा. कसा, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापिकाबाईंच्या मते त्याच्याकडे काहीतरी सूत्र होतं. केस कापणाऱ्याच्या मते त्याचा कुणी आतला माणूस होता. वेधशाळा दोघांच्याही म्हणण्याला मान डोलवायचा.

सूत्र नव्हतं आणि आतला माणूसही नव्हता. दुपारी दुकान रिकामं झालं की तो मोबाईल उघडून तिसऱ्या बेटाच्या बंदरावर एका बाकावर जाऊन बसायचा, एवढंच. सातबेटावर एक रीत होती, कुणी नेमून न दिलेली, लोकांनीच पाडलेली. कायमचं सोडून जाणारा माणूस घरातलं सामान बंदरावर आणून ठेवायचा आणि होडीत बसायचा. नव्यानं उतरणाऱ्यानं त्यातलं हवं ते उचलायचं, कुणाला विचारायचं नाही. बंदरावर ठेवलेलं सामान कुणाचंही. वेधशाळेनं हेरलं होतं ते असं, की जाणारा माणूस आधी घर रिकामं करतो आणि शिंपले मोडायला मागाहून जातो. घर रिकामं झाल्याशिवाय जायचं पक्कं होत नाही म्हणून असेल, किंवा शिंपले मोडायला खऱ्या काउंटरवर खरी रांग लावावी लागते म्हणून असेल. पण बंदरावर पलंग-कपाटं साठली की दुसऱ्या दिवशी भाव उतरायचा. बंदर मोकळं असलं आणि नवी माणसं बसायला स्टूल शोधत हिंडत असली की चढायचा.

तो त्या बाकावर पहिल्यांदा बसला तो भाव बघायला नव्हेच, कोट दाखवायला. त्याची बहीण त्याच्याहून लहान, पण घरात सगळेच तिला ताई म्हणत, हासुद्धा. नवरा गेल्यावर ती शिलाई मशीन घेऊन भावाच्या दोन खोल्यांत राहायला आली होती. आजूबाजूची शिलाई करून भागेना, तेव्हा तिनं सातबेटावरच्या माणसांचे कपडे शिवायला घेतले. पडद्यावर बोटानं कापड बेतायचं, अस्तर लावायचं, काजंसुद्धा करायची. तिच्यासारखी काजं तिथे कुणाची नव्हती, कारण बाकीचे ती नुसती रंगवायचे.

“कोट घालून चारचौघांत बसायला कुणीतरी हवं, दादा,” ती म्हणाली होती. “तू बस.”

“मीच का?”

“तुला कुठलाच कोट शोभत नाही. तुझ्या अंगावर जो बरा दिसेल तो बाकीच्यांना खपेलच.”

कोट खपले. ताईचे शिंपले साठत गेले. आणि ते कशासाठी साठत होते हे घरात प्रत्येकाला माहीत होतं: इमारतीच्या तळमजल्यावर जिन्याला लागून एक खोली होती, रस्त्याकडे दार असलेली. पूर्वी तिथे छत्र्या दुरुस्त व्हायच्या. ताईला ती दुकानासाठी हवी होती. मालकीणबाई महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होत्या, अनामत मात्र त्यांना एकरकमी हवी होती. ताईनं खोलीचं माप घेऊन ठेवलं होतं. मशीन कुठे, आरसा कुठे, कपडे घालून बघायचा पडदा कुठे, सगळं ठरलं होतं. पाणी भरायला खाली गेली की ती त्या बंद दाराला हात लावून यायची.

घरातला तिसरा म्हणजे धाकटा. आईवडील गेले तेव्हा तो शाळेत दप्तर विसरून यायच्या वयाचा होता. त्याला दादानं वाढवलं आणि ताईनं जेवू घातलं. लहानपणी तो उलटा चालायचा. शाळेत जाताना तोंड घराकडे आणि पाय शाळेकडे. का, असं विचारलं तर म्हणायचा, “तुम्ही दिसत राहता.” मोठा झाल्यावर तो सरळ चालायला लागला आणि जरा जास्तच भरभर. समोरच्या रांगेत एका मोबाईलच्या दुकानाचा अर्धा भाग घेऊन त्यानं काउंटर टाकलं: लोकांना सातबेटाची खाती उघडून द्यायची, शिंपले घ्यायचे, शिंपले द्यायचे, मध्ये आपलं थोडं ठेवायचं.

काउंटर उघडलं त्या दिवशी सगळ्यांनी काही ना काही दिलं. ताईनं सातबेटावरच्या त्याच्या घरासाठी झुलत्या खुर्चीची गादी शिवली. खुर्ची दादानं घेतली होती. गादीच्या काठानं बदकांची ओळ होती, सगळी डावीकडे चाललेली, एक तेवढं उजवीकडे तोंड केलेलं.

“हा मी होय?” धाकट्यानं विचारलं.

“दुसरं कोण,” ताई म्हणाली.

दादाकडे द्यायला अजून एक गोष्ट होती. त्यानं धाकट्याला जिन्यात नेलं आणि बंदराचं सांगितलं. सामान, होडी, रिकामी होणारी घरं, सगळं. “माणसं जाताना काय करतात ते बघ,” तो म्हणाला. “भाव आपोआप कळतो. हे ताईलाही सांगितलेलं नाही. तुझ्या धंद्याला माझ्याकडून.”

धाकट्यानं त्याला मिठी मारली. जिन्यात अंधार होता, म्हणून दादालाही डोळे पुसता आले.

*

महिनाअखेर जवळ आली तशी ताईची घालमेल वाढली. चालू भावानं शिंपले मोडले तर अनामतीला थोडे कमी पडत होते. भाव जरासा चढला असता तर काम झालं असतं. ती रोज येताजाता विचारायची आणि दादा रोज सांगायचा, “थांब. आहे तिथेच आहे, बहुधा.”

आणि मग एका दुपारी त्यानं बंदरावर पाऊल ठेवलं तर बाकापर्यंत जायला वाट नव्हती. पलंग, कपाटं, आरसे, पाळणे, उंच दांड्यांचे दिवे, जेवणाची मेजं एकावर एक रचलेली. इतकं सामान त्यानं कधी बघितलं नव्हतं. अख्खं बेट उठून चाललंय असं वाटावं.

त्याची नजर धंद्यानं तयार झालेली. सातबेटावर सामान जुनं होतं, म्हणजे तसं केलेलंच आहे: मेजावर पेल्यांची वर्तुळं उमटतात, गाद्यांचा रंग बसून बसून उडतो, आरशाच्या कडा काळ्या पडतात. या ढिगात एकाही मेजावर वर्तुळ नव्हतं. गाद्या जशा दुकानातून आल्या तशा. हे त्याच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं. दुसऱ्या कुणाला इथे शंका आली असती. याला दया आली.

“बिचारे,” तो रिकाम्या दुकानात मोठ्यानं म्हणाला. “नुकतं घर थाटलेलं दिसतंय, आणि लगेच निघाले.”

नवी माणसंसुद्धा टिकत नाहीत म्हणजे भाव नुसता उतरणार नाही, कोसळणार, हा हिशेब त्यानं दयेच्या पाठोपाठ केला. घरी जेवताना त्यानं तो सांगून टाकला. तिघंही पानावर होती.

“ताई, मोडून टाक. उद्याच.”

ताईचा हात थांबला. “कमी पडतायत, दादा.”

“उद्यानंतर आणखी कमी पडतील. आत्ता मोडले तर मालकीणबाईंना म्हणता येईल, एवढे घ्या, बाकीचे हप्त्यानं देते.”

“नक्की?”

या शब्दाला त्याच्याकडे एकच उत्तर असायचं, आणि ते तिला पाठ होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते त्याच्या तोंडून निघेना. बहीण बंद दाराला हात लावून येते हे त्यानं वरून कितीदा बघितलं होतं. तिला अर्धवट काही सांगणं त्याच्या जिवावर आलं.

“नक्की,” तो म्हणाला.

ताईनं धाकट्याकडे बघितलं. धाकटा पानातलं निवडत होता.

“दादा म्हणतोय तर मोड,” तो खाली बघूनच म्हणाला. “रांग नको लावूस. सकाळी दुकान उघडायच्या आधी ये, मी घेतो.”

“बघ, काउंटरवाला भाऊ असावा तर असा,” ताई हसली आणि तिनं त्याला आणखी वाढलं.

दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहिलं होतं: ‘शिंपला उतरणार. घाई करा.’

केस कापणाऱ्यानं पाटी दोनदा वाचली. “बहुधा कुठे गेला?”

“आज नाही.”

“नाही म्हणजे?”

“म्हणजे मेंढ्यांकडे नंतर बघा. आधी जाऊन रांगेत उभे राहा.”

केस कापणारा गिऱ्हाइकाच्या मानेवरचा टॉवेल तसाच ठेवून धावला, आणि ते गिऱ्हाईकही अर्ध्या डोक्यानिशी त्याच्या मागून. मुख्याध्यापिकाबाईंनी फुलांचे सगळे मोडले. धाकट्याच्या काउंटरपुढची रांग चष्म्यांच्या दुकानावरून वळून पार बसथांब्यापर्यंत गेली. कुणाला नाही म्हटलं नाही त्यानं. चालू भावानं सगळ्यांचे शिंपले घेतले, वर प्रत्येकाला पाणी विचारलं.

*

भाव उतरला नाही. एक दिवस गेला, आणि मग सातबेटवाल्यांनी जाहीर केलं की आठवं बेट उघडतंय आणि तिथली जमीन फक्त शिंपल्यांत मिळणार. त्यानंतर शिंपल्याचा भाव जो सुटला तो जवळजवळ दुप्पट होऊन थांबला.

गल्ली भांडायला आली नाही. आली असती तर त्याला बरं वाटलं असतं. मुख्याध्यापिकाबाई चष्मा न्यायला आल्या, काचा उजेडाकडे धरून बघितल्या, छान झालाय म्हणाल्या आणि गेल्या. फुलांचं अवाक्षर नाही. केस कापणारा दिवसभर दारात फिरकला नाही. संध्याकाळी आला तेव्हा नुसता उभा राहिला, आणि ज्याच्या तोंडाला जन्मात खळ नव्हता तो माणूस “चालायचंच” एवढं म्हणून परत गेला.

मालकीणबाईंनी हप्ते ऐकून घेतलेच नाहीत. “भाडं हप्त्यानं असतं, बाई. अनामत नाही.” तळमजल्याची खोली एका गाद्या विकणाऱ्याला गेली. त्याचे हमाल जिन्यात उतरवून ठेवलेल्या गुंडाळ्यांवर बसून विड्या ओढायला लागले, आणि ताई पाणी भरायला त्यांच्यामधून वाट काढत जायला लागली.

घरी ती मशीनवर बसून राहायची. दादा समोर जाऊन बसला.

“चुकलं माझं, ताई.”

“अंदाज चुकतोच.” तिनं दोरा दातानं तोडला. “तू बहुधा म्हणाला असतास ना, तर मी विकले नसते. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदाच नक्की म्हणालास. मला वाटलं, याला काहीतरी दिसलंय.”

दिसलं तर होतंच. काय दिसलं होतं, हेच त्याला आता कळेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा बंदरावर गेला. आठव्या बेटाच्या गडबडीत होड्यांवर होड्या लागत होत्या. ढीग संपला होता, कपाटं, आरसे, पाळणे सगळं नव्या लोकांनी उचलून नेलं होतं. नवंकोरं सामान फुकट मिळाल्यावर कोण सोडतो? फक्त एक झुलती खुर्ची राहिली होती, इतके दिवस कपाटांमागे झाकलेली. जुनी होती म्हणून तिला कुणी हात लावला नव्हता. गादीचा रंग मध्यभागी पार उडाला होता. काठाची बदकं मात्र शाबूत होती. सगळी डावीकडे चाललेली. एक उजवीकडे.

तो तिच्याकडे किती वेळ बघत बसला कुणास ठाऊक. मालकानं हाक मारली तेव्हा त्यानं हातातलं भिंग फडक्यानं इतकं घासलं होतं की ते गरम लागत होतं.

*

धाकट्याच्या काउंटरला नवी काच बसली होती आणि मागच्या अर्ध्या दुकानातले मोबाईलही आता त्याचेच झालेले दिसत होते.

“ये दादा. चहा?”

“तुझी खुर्ची बंदरावर आहे.”

धाकट्यानं गल्ला लावला. घाबरला नाही, लाजला नाही. एखादं काम राहून गेलंय हे आठवावं तसा चेहरा झाला त्याचा. “अरे हो. ती आणायची राहिली.”

“बाकीचं सामानही तूच ठेवलंस.”

“खाती उघडणं माझं कामच आहे. उघडली थोडी, प्रत्येकाच्या नावावर एकेक पलंग-कपाट घेतलं, ठेवलं.” तो जरासा हसला. “मागून भरल्यासारखं वाटेना. कपाटांमागे मोकळं दिसत होतं. म्हणून घरातली खुर्ची लावली. तीच नडली म्हणायची.”

“आठवं बेट येणार हे तुला माहीत होतं.”

“शिंपल्यांच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडून कुणकुण लागली होती.”

“मग मला सांगायचं होतंस. मी पाटीवर चढेल लिहिलं असतं.”

“मग मला विकले कुणी असते?”

हे त्यानं इतक्या साधेपणानं विचारलं की दादाला क्षणभर ते पटल्यासारखंच वाटलं.

“मी कुणाशी खोटं बोललो, ते सांग,” धाकटा पुढे म्हणाला. “विका म्हणून पाटीवर लिहिलं कुणी? तू. ताईला नक्की म्हणालं कोण? तूच. मी सामान ठेवलं. बंदरावर सामान ठेवायला बंदी आहे का?”

“ताईला तरी सोडायचंस.”

“कशी सोडू? तिला एकटीला थांब म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का म्हणून. तुझ्या नजरेतून काही सुटतं का?” यात टोमणा नव्हता. तो कौतुकच करत होता.

“तिचे परत दे.”

“अडकलेत, दादा. आठव्या बेटावर जमिनी घेतल्यात. वर्षभर मोडता येत नाहीत. पण देणार आहे, हळूहळू. तोवर तिला म्हणावं, इथे त्या कोपऱ्यात मशीन टाक. आपलंच आहे. भाडं नको.”

कोपऱ्यात रिकामी खोकी रचलेली होती. दादानं तिकडे बघितलं. मशीन मावलं असतं. आरसा मावला नसता.

“हे तू शिकलास कुठे?” त्यानं विचारलं.

धाकट्याला प्रश्न नीट कळला नाही बहुतेक, कारण तो खरं तेच बोलला. “तूच नाही का सांगितलंस, जिन्यात? माणसं जाताना काय करतात ते बघ म्हणून.”

घरी ताईनं विचारलं, “भेटलास त्याला?”

“कुणाला?”

“दादा, मीही सातबेटावर राहते. बंदर माझ्या वाटेवर आहे.” ती कापड बेतत होती. खडूची रेघ सरळ आली नाही, तिनं ती पुसली. “उलटं बदक दुसरं कोण शिवणार?”

तिनं रेघ पुन्हा आखली, कापड कापलं. नंतर तीच म्हणाली, “जेवायला येणार आहे का तो?”

“माहीत नाही.”

“येणार असेल तर आला की वाढ त्याला. मी आत असेन.”

*

सकाळी वेधशाळेनं पाटी ओल्या फडक्यानं पुसली, मालकाचं ‘मोफत’सुद्धा पुसलं गेलं, आणि वरपासून खालपर्यंत तिच्यावर सगळं लिहून काढलं. तिसऱ्या बेटाचं बंदर. सामान साठलं की भाव उतरतो. बंदर मोकळं असलं की चढतो. सामान नवंकोरं दिसलं तर विश्वास ठेवू नका.

गर्दी जमली. केस कापणाऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, शेवटपर्यंत, आणि पाटीच्या मागे आणखी काही लिहिलंय का ते वाकून बघितलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

“पलंग आणि कपाटं?”

“हो.”

“आणि आम्ही तुम्हाला वेधशाळा म्हणायचो,” केस कापणारा म्हणाला. मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा तर कुणीतरी गणिताच्या पेपरात चित्र काढून दिल्यासारखा झाला होता. इतकी वर्षं सूत्र आहे म्हणून त्यांनी वर्गात सांगावं तसं सगळ्यांना सांगितलं होतं. पांगता पांगता कुणी हसलंसुद्धा.

केस कापणारा तेवढा थांबला. “नवंकोरं दिसलं तर म्हणजे काय? कुणी मांडून ठेवलं होतं?”

वेधशाळा भिंगांची पेटी लावत होता. वर न बघता तो एकेक भिंग खाचेत बसवत राहिला. केस कापणाऱ्यानं रस्त्यापलीकडच्या नव्या काचेकडे बघितलं, मग याच्याकडे, मग कात्री खिशात घातली आणि काही विनोद न करता आपल्या दुकानात गेला.

त्यानंतर धाकट्याच्या काउंटरवर रांग लागेना. लोक पलीकडच्या चौकात जाऊन शिंपले मोडायला लागले. जाताना ते चष्म्यांच्या दुकानाकडे बघत, पण पाटी वाचायला थांबत नसत. वाचायला तिच्यावर नवं काही नसायचंच.

दोनचार दिवसांनी दुपारी वेधशाळा बंदरावर गेला. आता भाव बघायचा नव्हता, सवय होती. बाकावर न बसता तो त्या झुलत्या खुर्चीत बसला. होड्या लागत होत्या. गर्दीतून ताईनं शिवलेला निळा कोट घालून एक जण आला आणि समोर उभा राहिला. डोक्यावर अक्षरं उमटली.

“दादा, पाटी पूस ना. लोक येईनात.”

वेधशाळा झुलत राहिला.

“मी देतोय म्हटलं ना ताईचे. धंदाच बसला तर कुठून देऊ?”

पायानं रेटा देऊन त्यानं खुर्ची आणखी झुलवली.

“बरं, ऊठ तरी. खुर्ची न्यायला आलोय.”

“कुणाची?”

“माझी. तूच दिलीस की.”

नुकत्याच लागलेल्या होडीतून एक बाई उतरली होती, हातात काही नाही, अंगावर सगळ्यांना मिळतात ते सुरुवातीचे पांढरे कपडे. ती इकडेतिकडे बघत होती. वेधशाळा उठला. त्यानं गादीचे बंद सोडले, चारही कोपऱ्यांचे, आणि गादी काखेत घेतली.

“खुर्ची हवी का?” त्यानं बाईला विचारलं.

“कुणाची आहे?”

“सोडून गेलेल्याची. बंदरावर ठेवलेलं सामान कुणीही न्यावं, अशी इथली रीत आहे.”

“जुनी दिसतेय.”

“बसायला चांगली आहे.”

बाईनं आभार मानले, खुर्ची उचलली आणि चढावरच्या घरांकडे चालू लागली. निळ्या कोटातला माणूस तिच्याकडे बघत होता. मग तो याच्याकडे वळला.

“दादा, मी गेलो नाहीये. हा काय, इथेच उभा आहे.”

दुकानाचं दार वाजलं. एक म्हातारे गृहस्थ आत आले आणि काठी टेकवायला जागा शोधू लागले. वेधशाळेनं गादी ताईच्या पत्त्यावर धाडली आणि मोबाईल पालथा घालून खणात टाकला. मग त्यानं गृहस्थांना खुर्चीत बसवलं, हनुवटी पट्टीवर टेकवली, एक डोळा झाकला.

“समोर काय दिसतंय?”

“आहे काहीतरी,” गृहस्थ म्हणाले. “ओळखीचं वाटतंय. पण लागत नाही.”

त्यानं भिंग बदललं.

“हे बरं, की हे?”

“दोन्ही सारखीच,” गृहस्थ म्हणाले.